‘का’ विचारलं की ओळ गेली

‘नाव बोला. गाव बोला. कशासाठी आलात ते बोला. आणि जरा मोठ्यानं बोला, बाहेर कंटेनर उभाय!’

मित्रांनो, या जगात माणसाचा म्हणून मी जो पहिला आवाज ऐकला, तो हा. तो अर्जुनरावांचा होता. चाकणच्या एका कारखान्याच्या फाटकावर, पत्र्याच्या छोट्या खोलीत ते बसायचे, आणि त्यांच्या पुढ्यात मी.

मी एक जुना कीबोर्ड आहे. मूळचा काळा, आता करडा. माझ्या पोटात चहा आहे, बिस्किटाचा चुरा आहे, आणि मागच्या खंडेनवमीचं थोडं हळदीकुंकूही आहे. माझी बरीच अक्षरं पुसट झाली आहेत, पण सगळ्यांत जास्त झिजलं आहे ते बॅकस्पेसचं बटण. लिहिलेलं खोडायचं बटण ते. का झिजलं, त्याचीच ही गोष्ट.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या देशात झाला. साच्यातून माझी बटणं डाळिंबाच्या दाण्यांसारखी टपटप बाहेर पडली, कुणीतरी ती ओळीने बसवली, वर प्लास्टिकची ओढणी घातली आणि मला खोक्यात झोपवलं. डोळे उघडले ते थेट अर्जुनरावांसमोर. त्यांना टायपिंग येत नव्हतं. ते एकाच बोटाने लिहायचे. ते बोट आधी माझ्यावर घारीसारखं घिरट्या घालायचं आणि अक्षर दिसलं रे दिसलं की झडप! गेटपास निघेपर्यंत ड्रायव्हरची एक डुलकी व्हायची.

‘कशासाठी आलात?’ हा त्यांचा लाडका प्रश्न. नवखी माणसं तो ऐकून बावरायची, काही तर माघारी फिरायची. जुनी मात्र हसून सांगायची, ‘अहो, परवाचा माल परत आलाय, तो बघायला बोलावलंय.’ सांगितलं की अर्जुनराव आत सोडायचे. इतकं सोपं होतं ते.

पुढे अर्जुनराव निवृत्त झाले. फाटकावर अंगठा लावायचं यंत्र आलं आणि मी भंगारात गेलो. तिथून निगडीला, बस डेपोजवळच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात. उंदरांच्या म्हणजे माऊसच्या टोपलीशेजारी मी धूळ खात पडलो. लोक यायचे, माझ्यावर बोट फिरवायचे, बोट काळं झालं की पॅन्टला पुसून निघून जायचे. मित्रांनो, वापरात नसलेल्या वस्तूचं दुःख फार काही मोठं नसतं. पण ते रोजचं असतं.

मग एके दिवशी भीमराज आला.

भीमराज मूळचा धाराशिवकडचा. चाकणच्या पट्ट्यात रबराचे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथे तो मेंटेनन्सला होता. बंद पडलेली मशीन पुन्हा चालू करणं हे त्याचं काम. त्याच्याकडे एक जुना लॅपटॉप होता, पण त्याची बटणं दुधाच्या दातांसारखी एकेक करून पडून गेली होती. म्हणून त्याने मला घेतलं, शर्टात गुंडाळून कुरुळीला आणलं आणि आबाजींच्या चाळीतल्या खोलीत एका स्टुलावर ठेवलं.

आबाजी कुरुळीचे जुने शेतकरी. त्यांच्या बाजरीच्या रानात आता खोल्या उभ्या राहिल्या आहेत आणि त्यांत आमच्यासारखी बाहेरून आलेली बिऱ्हाडं. मला बघून ते भीमराजला म्हणाले, ‘आरं, तुझ्याकडं त्यो लॅपटाप हाय ना? मग ह्यो कशाला?’

‘आबा, त्याचे दात पडलेत. ही कवळी.’

आबाजींनी स्वतःच्या तोंडावर हात ठेवला आणि खो खो हसले. तेव्हापासून या चाळीत माझं नाव ‘कवळी’. मी रागावत नाही. चावायला उपयोगी पडतो हे काय कमी आहे?

भीमराजची बायको मिनल. तीही त्याच कंपनीत. तिच्या हाताखाली एक प्रेस मशीन होतं, त्यातून गाडीत बसवायची रबरी वायसरं निघायची. ते मशीन ती फार मायेनं चालवायची. शिफ्टला आल्यावर आधी त्याच्या अंगावरून फडकं फिरवायची, मग बटण दाबायची. मशीनवर किती पीस निघाले हे मोजायला एक छोटा संगणक होता आणि त्यात मोजणीचा एक प्रोग्रॅम होता. दुखणं होतं ते त्या प्रोग्रॅममध्ये.

चाकणची लाईट तुम्हाला माहीत असेल. ती पाहुण्यासारखी येते आणि पाहुण्यासारखीच ‘निघतो’ म्हणते. लाईट गेली की तो प्रोग्रॅम शेवटचे बरेच पीस विसरून जायचा. पीस टोपलीत असायचे, पडद्यावर नसायचे. हिशेबात धरायचं ते पडद्यावरचंच. मग सुपरवायझर लक्ष्मणराव यायचे.

‘ताई, आजही कमी भरलेत. पीस जातात कुठं? घरी नेता का काय?’

‘घरी नेऊन काय करू, पोळीला लावू का?’ मिनल म्हणायची. तिथे हसून म्हणायची, घरी येऊन ते सांगताना मात्र तिला हसू यायचं नाही. चोर म्हटलेलं माणसाला विनोदातसुद्धा लागतं, मित्रांनो.

शेवटी लक्ष्मणरावांनी स्पष्ट सांगितलं, ‘दसऱ्यापर्यंत बघतो. नाहीतर तुम्हाला मशीनवरून काढून पॅकिंगला द्यावं लागेल. वरून विचारतात मला.’

भीमराजने प्रोग्रॅम उघडून बघितला. तो प्रोग्रॅम मोफतचा आणि उघडा होता. जगात काही प्रोग्रॅम कुणा एकाच्या मालकीचे नसतात. ते सगळ्यांना वाचता येतात, आणि ज्याला वाटेल त्याने त्यांत डागडुजी सुचवावी. अशा डागडुजीला पॅच म्हणतात. पण कुणीही उठून भिंतच पाडू नये म्हणून दारात एक माणूस बसलेला असतो. तो आलेला पॅच वाचतो, प्रश्न विचारतो आणि पटलं तरच आत घेतो. त्याला रिव्ह्यूअर म्हणतात.

दुरुस्ती भीमराजला सापडली. मशीनवर चढवायला तो मॅनेजरकडे गेला, तर मॅनेजर म्हणाले, ‘घरी शिवलेला सदरा कंपनीत नको. प्रोग्रॅमच्या मूळ लोकांनी हे मंजूर केलं, नव्या आवृत्तीत आलं, की बसवू.’ ती नवी आवृत्ती दसऱ्याच्या आगेमागेच निघणार होती.

झालं. भीमराज माझ्यासमोर बसला. त्याचं पहिलं पत्र किती सुंदर होतं म्हणून सांगू! इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्यात सगळं होतं. कुठलं मशीन, लाईट कशी जाते, पीस कसे हरवतात, प्रत्येक ओळ कशासाठी घातली. माझी बटणं पावसाच्या पागोळ्यांसारखी वाजत होती. मग त्याने ते वाचलं, डोकं खाजवलं आणि पुटपुटला, ‘मोठ्या साहेबाला कुठं आपल्या घरचं रडगाणं.’ आणि बॅकस्पेसवर बोट ठेवलं ते ठेवलंच.

सगळं पुसून त्याने लिहिलं: ‘आदरणीय साहेब, प्रॉब्लेम सोडवला आहे. कृपया स्वीकार करावा. आपला विश्वासू, भीमराज.’

कुठला प्रॉब्लेम, कुणाचा, कसा? सगळं माझ्या पोटात. चहाच्या शेजारी.

रिव्ह्यूअरचं नाव नुसतं ‘लिंड’ असं दिसायचं आणि नावाशेजारी एका बदकाचं चित्र. कुठल्याशा थंड देशातला माणूस. त्याचं उत्तर आलं: ‘पॅचबद्दल आभार. मोजणी सुरू होण्याआधी ही दोन सेकंदांची वाट का ठेवली आहे?’

भीमराजच्या चेहऱ्याचा रंग उडाला.

आता इथे तुम्हाला आमच्या पट्ट्याची एक रीत सांगायला हवी. आमच्याकडे कंपनीत ‘का’ हा प्रश्न नसतो. ती खरडपट्टी असते. तपासणारा साहेब हातात पीस धरून म्हणतो, ‘हे असं का झालं?’ तेव्हा त्याला कारण ऐकायचंच नसतं. कारण सांगायला जो तोंड उघडतो, त्याला तो म्हणतो, ‘उलट बोलतो का?’ म्हणून शहाणा कामगार एवढंच म्हणतो, ‘चूक झाली साहेब, पुन्हा होणार नाही.’ भीमराज कंपनीत वाढलेला. त्याच्या हाडात हे मुरलेलं.

खरं तर ती दोन सेकंदांची वाट फार हुशारीची होती. लाईट परत आली की मशीन दचकतं आणि पीस नसतानाही एखादा पीस झाल्याची खूण देतं. ते खोटं मोजलं जाऊ नये म्हणून ती वाट. हे त्याने आधी लिहिलंही होतं. पुसलंही होतं.

त्याने लिहिलं: ‘सॉरी सर. वाट काढून टाकली.’

लिंडचं उत्तर आलं: ‘का काढलीत?’

भीमराजने लगेच लिहिलं: ‘सॉरी सर. पुन्हा घातली.’

‘पुन्हा का घातलीत?’

‘सॉरी सर. कायमची काढली.’

मिनल कोथिंबीर निवडत होती. म्हणाली, ‘अहो, काय लिहायलात इतका वेळ? सॉरीच लिहायलात का?’

‘साहेब लई कडक आहे. प्रत्येक ओळीवर बोट ठेवतो.’

‘मग सांगा की त्याला.’

‘साहेबाला काय सांगायचं असतं? साहेबाला हो म्हणायचं असतं.’

मग लिंडने विचारलं, दर पीसला नोंद का लिहायची, शंभर पीसला एकदा का नाही? त्याने पुढे असंही लिहिलं की ज्या मेमरी कार्डावर ही नोंद जाते ते वारंवार लिहिल्याने झिजतं. हा प्रश्न मात्र चांगलाच रास्त होता. कार्ड झिजण्याची गोष्ट भीमराजला माहीत नव्हती. पण ‘माहीत नव्हतं’ हे दोन शब्द लिहायचे तर बोटं जड झाली. त्याने मनात म्हटलं, संपलं, चोरी पकडली. आणि दर पीसची नोंदही काढून टाकली.

मित्रांनो, तोच तर पॅचचा जीव होता! मी ओरडून सांगणार कसा? मला बटणं आहेत, तोंड नाही.

एकेक ‘का’ येत गेला आणि एकेक ओळ जात गेली. शेवटी त्या पॅचमध्ये फक्त एक रिकामी ओळ उरली. लिंडने लिहिलं: ‘आता या पॅचमध्ये केवळ एक रिकामी ओळ आहे. ती का?’

भीमराजने दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग माझ्याकडे ओणवा होऊन लिहिलं: ‘सॉरी सर. रिकामी ओळ काढून टाकली.’

हे लिहिताना त्याला हसू आलं नाही. मला आलं. माझं स्पेसबारचं बटण थोडं लटलटलं, तेच माझं हसणं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: ‘आता यात काहीच उरलेलं नाही, म्हणून हा पॅच मी बंद करते आहे. तुमची अडचण नेमकी काय आहे हे तुम्ही अजून सांगितलेलं नाही. ती सांगावीशी वाटली तर जरूर परत या. हेल्गा लिंड.’

भीमराज स्टुलाजवळ भिंतीला टेकून बसला. त्याने फक्त ‘बंद’ एवढंच वाचलं होतं.

तो गुरुवार होता. आमच्या पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. सकाळची कोवळी उन्हं खोलीत आली होती. मिनलने चहा ठेवला होता. आबाजी पाण्याची मोटार सुरू करायला आले आणि नेहमीप्रमाणे चहाच्या वासाने आत वळले.

‘काय रं भीमराज, तोंड का उतरलंय?’

‘आबा, परदेशातल्या साहेबानं हाकललं.’

मिनलने भीमराजचा फोन घेतला, नाव शोधलं, फोटो बघितला. ‘अहो, हे साहेब नाहीत. बाई आहेत. ही बघा हेल्गा लिंड, चष्मा लावलेली. इतके दिवस एका बाईला सर सर करायलात!’

‘बाई?’ भीमराज आणखीच खचला. ‘आता तर माफीसुद्धा चुकली.’

‘ह्या हेलगाबाईनं काय इचारलं हुतं?’ आबाजींनी बशीत चहा ओतत विचारलं.

‘का विचारलं. सारखं का, का, का.’

‘मंग तू काय सांगितलंस?’

‘सॉरी म्हणालो.’

आबाजींनी बशी खाली ठेवली. ‘आरं, माझ्या दारात तू पयल्यांदा आलास तवा मी काय इचारलं? का आलास, म्हणलं ना? तवा तू सॉरी म्हणून माघारी पळालास व्हय?’

‘नाही. खोली पाहिजे म्हणालो.’

‘म्हणालास म्हणून घावली! न्हाईतर आजूक डेपोतच झोपला असतास.’

मिनल तेवढ्यात भांडी घासायला बसली होती. तिच्या आजीचा गळा तिच्याकडे आलेला आहे. तिने राखेच्या हाताने ताल धरला आणि तिथल्या तिथे एक ओवी जुळवली:

दाराशी बसली बाई, पुसे पाहुण्याला काज
पाहुणा गं बावळा, त्याला सांगायाची लाज

आबाजी मांडीवर थाप मारून म्हणाले, ‘वा गं पोरी! बाळुत्यापासून शिकलीस जणू!’

भीमराज मात्र चिडला. ‘तुला गाणी सुचतात. दसऱ्यानंतर पॅकिंगला बसशील तेव्हा सुचव.’

भांड्यांचा आवाज थांबला. मिनलने हात धुतले, पदराला पुसले आणि त्याच्यासमोर येऊन बसली.

‘एक सांगा. काल मी विचारलं, भाजीत गूळ का घातला. तुम्ही काय म्हणालात?’

‘दोडका कडू होता. शिवाय चिंच जास्त पडली होती. शिवाय माझी आई...’

‘बघा! भाजीचं विचारलं तर अर्धा तास ऐकवता. मी रागावले होते का? मला आवडली होती, म्हणून विचारलं. त्या बाईनंही तसंच विचारलं असेल तर?’

फोनवरचं पत्र भीमराजने पुन्हा उघडलं. या वेळी शेवटपर्यंत वाचलं. ‘ती सांगावीशी वाटली तर जरूर परत या.’ ओठ हलवत ते वाक्य त्याने एकदा, आणखी एकदा वाचलं. मला त्या क्षणी फाटकावरचे अर्जुनराव आठवले. त्यांच्या ‘कशासाठी आलात’ला घाबरून माघारी गेलेले ड्रायव्हरही आठवले. दार उघडंच होतं की.

त्याने मला जवळ ओढलं.

आणि लिहायला लागला! मिनल मराठीत सांगत होती, तो इंग्रजीत लिहीत होता, आबाजी कारण नसताना माना डोलावत होते. आधी त्याने लिहिलं, मशीन कुठलं आणि लाईट कशी जाते. मग पीस कसे हरवतात ते. मग काढलेली प्रत्येक ओळ परत घातली आणि तिच्याखाली तिचं कारण लिहिलं, थोडक्यात, साध्या शब्दांत. हेल्गाबाईंचा प्रत्येक जुना ‘का’ शोधून काढला आणि तिथल्या तिथे त्याचं उत्तर दिलं.

एका जागी तो अडला. माझ्यावर बोटं तशीच ठेवून बसला.

‘काय झालं?’ मिनलने विचारलं.

‘हे कार्ड झिजायचं. मला खरंच माहीत नव्हतं. आणि एक प्रश्न तर मला कळलेलाच नाही.’

‘मग तसं लिहा.’

‘असं लिहितात का? कळलं नाही म्हणून? कंपनीत म्हणून बघ, उद्या गेटबाहेर.’

‘ह्यी काय कंपनी न्हाई,’ आबाजी म्हणाले. ‘ह्यी तर माझी खोली हाय. लिही.’

बोटं हळूच खाली आली. ‘कार्डाबद्दल मला ठाऊक नव्हतं, तुमचं बरोबर आहे. पण खाली लिहिलेला तुमचा एक प्रश्न मला समजला नाही. कृपया पुन्हा सांगाल का?’ बोट बॅकस्पेसकडे निघालं, वाटेत थबकलं आणि माघारी वळलं. पत्र गेलं.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत लांब पत्र. आणि पुसलं न गेलेलंही.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. हेल्गाबाईंनी त्या दोन सेकंदांच्या वाटेचं कौतुक केलं. न कळलेला प्रश्न त्यांनी चित्र काढून समजावला. कार्ड वाचवायला म्हणून त्यांनी सुचवलं की दर दहा पीसला नोंद करू.

जुना भीमराज असता तर ‘येस मॅडम’ म्हणून मोकळा झाला असता. नव्या भीमराजने बराच वेळ विचार केला आणि लिहिलं: ‘तुमची सूचना कार्डासाठी चांगली आहे. तरी मला ती घेता येणार नाही. लाईट एका शिफ्टमध्ये पुष्कळदा जाते, आणि प्रत्येक वेळी काही पीस हरवले तरी मशीनवरच्या बाईला चोर म्हणतात. ती बाई माझी बायको आहे.’

मिनल मागे उभी राहून वाचत होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ओला होता, कणकेचाही होता. थोडी कणीक माझ्यावर पडली. मी ती ठेवून घेतली.

हेल्गाबाई म्हणाल्या, मग दुसरी वाट शोधू. त्या छोट्या संगणकाच्या पोटात लिहून न झिजणारी आणि लाईट गेली तरी न विसरणारी थोडी जागा असते, दर पीसची मोजणी तिथे ठेवू, आणि कार्डावर अधूनमधून लिहू. हे भीमराजला सुचलं नसतं. लाईट आल्यावर मशीन दचकतं हे हेल्गाबाईंना सुचलं नसतं. मधली सगळी ओझी मी वाहिली, हे मात्र कुणाला सुचलं नाही. असो.

पॅच आत घेतला गेला. नवी आवृत्ती निघाली. खंडेनवमीला कंपनीत मशीनची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, आणि त्याच दिवशी मॅनेजरने मिनलच्या मशीनवर नवा प्रोग्रॅम बसवला. भीमराजने घरी येऊन जे सांगितलं ते असं. नारळ फुटला, मशीन सुरू झालं आणि चाकणच्या लाईटने आपली हजेरी लावली. गेली. सगळे अंधारात उभे. आली. मशीन दचकलं, दोन सेकंद थांबलं आणि पुढे मोजायला लागलं. लक्ष्मणराव टोपलीतले पीस जमिनीवर मांडून स्वतः मोजत बसले. मोजले, पडद्याकडे बघितलं, पुन्हा मोजले.

‘जुळलं ताई,’ ते म्हणाले. मग प्रसादाचा पेढा तिच्या हातावर ठेवून खालच्या आवाजात, ‘पॅकिंगला दुसरं कुणीतरी बघतो.’

‘मोजून घ्या पेढे,’ मिनल म्हणाली. ‘नाहीतर म्हणाल, घरी नेले.’

लक्ष्मणराव हसले, पण कानापर्यंत लाल झाले.

मित्रांनो, आता मी थकलो आहे. काही बटणं दोनदा दाबल्याशिवाय उठत नाहीत. तरी रोज सकाळी भीमराज मला पुसतो, उलटा करून झटकतो, मग कामाला बसतो. एवढंच माझं मागणं तुमच्याकडे. आपल्या वस्तूंना जपा, त्यांच्यावर जेवू नका. आणि पुढे कधी तुम्हीही कुणाला आपलं काम दाखवाल, तेव्हा दारातल्या माणसाने ‘का’ विचारलं तर घाबरून ओळ पुसू नका. कारण सांगा. समजलं नसेल तर समजलं नाही म्हणा. पटत नसेल तर नम्रपणे, पण सांगून, नाही म्हणा. दारातलं माणूसही आपलं जेवण, आपली झोप बाजूला ठेवून तुमचं वाचायला बसलेलं असतं, हे विसरू नका.

इथेच थांबणार होतो. पण दसऱ्याच्या दिवशी एक पत्र आलं. भीमराजने ते मिनलला आणि आबाजींना मोठ्याने मराठी करून वाचून दाखवलं. हेल्गाबाईंनी लिहिलं होतं:

‘भीमराज, नवी आवृत्ती निघाली, आता हे सांगायला हरकत नाही. तुमचा पहिला पॅच आला तेव्हा मला त्यातलं काहीच कळलं नव्हतं. आमच्या गावात लाईट गेलेली मला फक्त एकदाच आठवते, मी लहान होते तेव्हाची. मोजता मोजता लाईट जाते, हे माझ्या कल्पनेतच येत नव्हतं. म्हणून मी का, का, असं विचारत राहिले. तुम्ही ओळी काढत गेलात तेव्हा मला वाटलं, तुम्हाला सगळं माहीत आहे आणि माझं अज्ञान पाहून तुम्ही कंटाळून माघार घेत आहात. रिव्ह्यूअरने कसं म्हणायचं, मला समजलं नाही म्हणून? तुम्ही ते आधी म्हणालात. आता मी म्हणते. मला समजलं नव्हतं, आणि तसं सांगायची लाज वाटत होती.’